खुंटीवरचे हात

या दिवाळीत एक प्रयोग करून पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे उठल्याबरोबर डावा हात पंचाने पाठीशी बांधून घ्या आणि सकाळी नऊपर्यंत तो सोडू नका. उटणे कालवायला घेतलेत की वाटी पाटावरून पळू लागेल. पंचा पिळता येणार नाही. नव्या सदऱ्याच्या उजव्या मनगटाची गुंडी लावायची म्हटली तर बायकोला हाक मारावी लागेल. पोराला फुलबाजी पेटवून द्यायची तर काडी आहे, पण पेटी कोण धरणार? आणि स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या फिरविणाऱ्या माउलीला तर पहिल्या वेढ्यालाच कळून चुकेल, की सोऱ्या फिरविणारा हात एक असतो आणि तो धरून ठेवणारा दुसरा. ज्या हाताविषयी 'तो काही फारसे करीत नाही' असे आपण जन्मभर समजत आलो, तो सारा वेळ धरीत होता!

एवढे ध्यानात ठेवून मग कृत्रिम हातांच्या शिबिराची बातमी वाचा. ती बातमी सातारा-सांगलीच्या वाचकाला परकी नाही. मंडप असतो, फलक असतो, हार असतात. ज्यांचे हात गेले आहेत अशी माणसे खुर्च्यांवर ओळीने बसविलेली असतात. त्यांच्या उरलेल्या हातांवर नवे हात चढविले जातात. काळेभोर, चकचकीत, पाचही बोटे हलणारे! मग पाहुणे पुढे येतात, नव्या हाताशी हस्तांदोलन करतात, छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो: 'विज्ञानाने दिला नवा हात'. त्या मथळ्याखालचा माणूस संध्याकाळच्या एस.टी.ने गावी जातो. तेथून पुढची बातमी कोणी छापीत नाही. ती बातमी माजघरातल्या खुंटीवर असते. सदऱ्याच्या शेजारी, छत्रीच्या वर, पिशवीत घालून तो हात टांगलेला असतो.

हे मी रागाने बोलतो आहे असे कोणाला वाटेल. वाटू द्या. पण अंदाजाने मात्र बोलत नाही. कृत्रिम हात वापरणाऱ्यांविषयी जगभर पंचवीस वर्षे जे अभ्यास झाले, त्यांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की विजेचा हात मिळालेल्या प्रौढांपैकी सुमारे २३ टक्के आणि तारेने ओढायचा हात मिळालेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोक तो टाकून देतात. मुलांत हेच प्रमाण ३५ आणि ४५ टक्के. म्हणजे प्रौढांत चौघांमागे एक हात खुंटीवर! आणि यांतले बहुतेक अभ्यास अशा देशांतले आहेत, जेथे हात बसविणारा तज्ज्ञ मोटारीने जाण्याच्या अंतरावर असतो आणि वैशाखात घामाने अंगरखा पाठीला चिकटत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतल्या खुंट्या मोजायला कोणी निघाले, तर काय दिसेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आमच्याकडे हात जातात कोठे, हे सांगायला नको. कृष्णाकाठी ऊस आहे, म्हणून गुऱ्हाळाचा चरक आहे. त्याच्या तोंडात मोळी सारताना बाही सापडली की मनुष्य भानावर येईपर्यंत मनगट गेलेले असते. दुभते जनावर आहे, म्हणून कडबाकुट्टी आहे. मळणी यंत्र आहे. विट्याला माग आहेत, कुपवाडला कारखान्यांतले प्रेस आहेत. हात मुळात जाऊच नये, हा अर्थातच पहिला धर्म. मळणी यंत्रांसाठी तर केंद्राने १९८३ सालीच धोकादायक यंत्रांचा कायदा केला. कडबाकुट्टीच्या तोंडाशी एक संरक्षक पन्हळ बसवायला फार मोठे शास्त्र लागत नाही. पण तो विषय वेगळा, आणि त्यावर स्वतंत्रपणे भांडायला मी तयार आहे. येथे प्रश्न ज्यांचे हात गेले त्यांचा आहे.

त्यांना दिला जाणारा 'बायोनिक' हात म्हणजे आहे तरी काय? नाव भारदस्त आहे, युक्ती मात्र समजायला सोपी आहे. बोटे हलविणारे स्नायू बोटांत नसतात. ते कोपराच्या खाली, हाताच्या पोटरीत असतात. आत्ता मूठ मिटून पाहा, कोपराखाली आतल्या बाजूला काहीतरी घट्ट झालेले लागेल. मनगटाशी हात तुटला तरी हे स्नायू बरेचसे शाबूत राहतात, आणि मेंदूची आज्ञाही त्यांना पोचत राहते. मूठ मीट म्हटले की ते आवळतात. फक्त मिटायला मूठ नसते. स्नायू आवळला की कातडीवर किंचित वीज उमटते. किती? व्होल्टचा फार तर काही हजारावा भाग. ती वीज कातडीला टेकलेल्या धातूच्या टिकल्यांनी टिपायची, वाढवायची आणि तिच्या इशाऱ्यावर मोटर फिरवायची. आतल्या स्नायूचा इशारा आला की मूठ मीट, बाहेरच्या स्नायूचा आला की उघड. म्यूनिकमध्ये १९४८ साली हे प्रथम करून दाखविले गेले, आणि १९६० च्या सुमारास सोव्हिएत रशियात असा हात प्रत्यक्ष रुग्णांना मिळू लागला. म्हणजे मूळ कल्पनेला पाऊणशे वर्षे झाली.

मग गेल्या पाऊणशे वर्षांत सुधारले काय? बोटे सुधारली! २००७ साली स्कॉटलंडमधून असा हात बाजारात आला, की त्याच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र मोटर. तेव्हापासून चढाओढ लागली ती बोटांची. या हाताला चौदा पकडी, त्या हाताला चोवीस. ऐकणारा थक्क होतो. पण आज्ञा देणाऱ्या जागा किती, हे तो विचारीत नाही. बहुतेक हातांत त्या अजून दोनच. एक आतला स्नायू, एक बाहेरचा. म्हणजे पेटीला सप्तके वाढवीत नेली आणि वाजविणाऱ्याला बोटे ठेवली दोन! मग एका पकडीवरून दुसऱ्या पकडीवर जायचे तर दोन्ही स्नायू एकदम आवळा, नाहीतर झटका द्या, नाहीतर दुसऱ्या हाताने कळ दाबा. समोर चहाचा कप आणि मनात मात्र स्नायूंची बाराखडी. माणूस किती दिवस ही बाराखडी गिरवील?

आणि दोनच आज्ञा असल्या तरी त्या वेळेवर पोचतील याचा भरवसा कोठे आहे? हात डोक्यावर नेला, की वजनाने कवची सरकते. जिला तंत्रज्ञ सॉकेट म्हणतात ती, उरलेल्या हातावर बसणारी कवची. ती सरकली की टिकली स्नायूवरून ढळते. घाम आला की इशारा बिघडतो. दुपारपर्यंत स्नायू थकतो आणि सकाळी सहज मिटणारी मूठ आता मिटत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, नको तेव्हा उघडते. कप हातात असताना मूठ एकदा जरी अवचित उघडली, तरी तो माणूस त्या हाताने पुन्हा कप उचलीत नाही. का उचलावा? गरम चहा कोणाच्या मांडीवर सांडायचा आहे? शिवाय हा हात आंधळा आहे. आपण अंधारात चाचपून कंदिलाची काच धरतो, ती फुटणार नाही इतपतच दाबतो. या हाताला वस्तू लागल्याचे कळत नाही, म्हणून डोळे सतत त्याच्यावर ठेवावे लागतात. त्यात त्याचे अर्धा किलोच्या आसपासचे वजन, तेही हाडाला न जोडता कातडीवरून लोंबणारे.

आता ज्यूरिकची गंमत ऐका. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांच्या स्पर्धा झाल्या. त्यांत हातांची एक शर्यत होती आणि तिच्या कसोट्या अगदी घरगुती होत्या: पाव कापणे, कपडे वाळत घालणे, सामान उचलून नेणे, अशा. मोठमोठ्या प्रयोगशाळांचे मोटरवाले हात तेथे उतरले. शर्यत जिंकली कोणी? रॉबर्ट रॅडोसी नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी. त्यांच्या हातात मोटरच नव्हती! दुसऱ्या खांद्याभोवती पट्टा आणि त्यातून आलेली तार. खांदा पुढे केला की तार ताणते आणि पंजा मिटतो. तीच तार जी सायकलच्या ब्रेकला असते. मग तिने असे काय केले जे लाखांच्या मोटरींना जमले नाही? तिने खबर परत आणली. तार ताणली की किती ताणली ते खांद्याला कळते, म्हणून वस्तू किती घट्ट धरली ते न पाहता कळते. ती घामाने बिघडत नाही आणि मनात नसताना उघडत नाही.

यावरून 'विजेचे हात टाका, आकडे लावा' असे मी म्हणतो आहे, असा अर्थ कोणी काढील. तो अर्थ चुकीचा आहे. तारेच्या हाताचा पट्टा काखेत काचतो, पकडीचा जोर मर्यादित असतो आणि तो दिसायलाही काही सुंदर नसतो. (दिसण्याची थट्टा मला मुळीच मान्य नाही. पाच बोटांचा हात लेकीच्या लग्नात पदराखालून दिसावा एवढ्यासाठी कोणी बाई घालीत असेल, तर तो पुरता उपयोग आहे.) आणि ज्याचा हात खांद्यापासून गेला त्याला तारही फारशी उपयोगी नाही आणि पोटरीचे स्नायूही नाहीत. त्याच्यासाठी शिकागोच्या डॉ. टॉड कुइकेन यांनी जे केले ते थक्क करणारे आहे. २००२ साली त्यांच्या रुग्णाच्या हाताकडे जाणाऱ्या, आता बेकार झालेल्या नसा छातीच्या स्नायूंत नेऊन जोडण्यात आल्या. रुग्णाने मनात 'मूठ मीट' म्हटले की छातीचा एक तुकडा आवळतो, आणि तेथून वीज टिपून यंत्राचा हात मिटतो. स्वीडनमध्ये २०१३ साली हाडातच धातूची खुंटी रोवून तिच्यातून आत बसविलेल्या तारा बाहेर आणण्यात आल्या. कवचीच नको आणि घामाची कटकटही नको. शिवाय दोन टिकल्यांऐवजी आठ टिकल्यांचे कडे घालून, त्या सगळ्यांचा मिळून जो नमुना उमटतो तो यंत्राला शिकवायचा, ही पद्धत तर २०१३ पासून दुकानात विकत मिळते. हीच खरी सुधारणा, कारण ती बोटांची नसून आज्ञेची आहे. इकडे पैसा जावा, अक्कल जावी. माझे भांडण आहे ते बोटे मोजणाऱ्यांशी आणि हात वाटून मोकळे होणाऱ्यांशी.

'पण खेड्यातल्या माणसाला हे यंत्र झेपणार का?' असे विचारणारे एक सद्गृहस्थ प्रत्येक सभेत असतात. त्यांना मी किर्लोस्करवाडीला घेऊन जाऊ इच्छितो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते असे तेव्हा शेतकरी म्हणत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला. पण नांगर खपला तो काही हार घालून वाटला म्हणून नव्हे. तो शेतात चालवून दाखवावा लागला. गावोगाव हिंडून तो विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. तेच, ज्यांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ती साताऱ्याला आणली. त्या पिढीतल्या खेडुताला नांगर झेपला, पुढच्या पिढ्यांना इंजिन झेपले, वीजपंप झेपला, आज तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकचे वेळापत्रक मोबाइलवरून चालते. न झेपण्याचा प्रश्न येतोच कोठे? प्रश्न असा आहे, की बायोनिक हाताचा भाऊराव कोठे आहे? बांधावर बसून, हा हात असा वापरा, येथे दुखते का, टिकली सरकली का, असे महिनोन्‌महिने विचारणारा माणूस कोणत्या शिबिराने नेमला आहे?

असा माणूस केवळ शिकविणारा नसून कारागीर लागतो. त्याचा नमुना आमच्याच मिरजेत आहे. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. तंबोरा झाला, तारा चढल्या, म्हणजे काम संपत नाही. घोडीचा माथा कानसून, तारेखाली धागा सरकवून जवारी लावावी लागते. एका गवयाची जवारी दुसऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि वापराने ती बिघडते, म्हणून पुन्हा पुन्हा लावून घ्यावी लागते. कृत्रिम हाताच्या कवचीचे आणि टिकल्यांचे नेमके असेच आहे. उरलेला हात पहिल्या काही महिन्यांत सुकतो, आकार बदलतो; कवची ढिली होते. स्नायू सरावाने बळावतो. इशाऱ्याची पातळी पुन्हा लावावी लागते. जवारी न लावता तंबोरा टपालाने पाठविला आणि 'आता गा' म्हटले, तर मिरजेचा कोणताही कारागीर हसेल. कोट्यवधींच्या योजना मात्र हेच करीत असतात!

जयपूरच्या पायाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १९६८ च्या सुमारास पंडित रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडविला. तो देशभर चालला, कारण तो आमच्या पायांसाठी केला होता: अनवाणी चालायचे, उकिडवे बसायचे, चिखलात उतरायचे. हातांसाठी हा प्रश्न कोणी विचारला आहे? पाव कापणे ठीक; पण आमची कसोटी परातीत आहे. भाकरी थापताना हात ओला होतो आणि विजेच्या हाताला पाणी वर्ज्य. म्हशीची धार काढताना बादली गुडघ्यांत धरता येते, पण ती कासरा तोडू लागली तर? काष्टा खोचायचा आहे, उसाची मोळी आवळायची आहे, मोटरसायकलचा क्लच दाबायचा आहे, एस.टी.त दांडी धरून सुटे पैसे मोजायचे आहेत. एक हात शाबूत असला की नाजूक काम तो करतो. दुसऱ्याने फक्त धरायचे असते, पण विश्वासाने धरायचे असते. चोवीस पकडींची ज्याला गरज आहे असा शेतकरी मला दाखवा. त्याला तीन पुरतील. त्या घामात, धुळीत आणि संध्याकाळी दमल्यावरही पुरल्या पाहिजेत, एवढेच.

सरकारच्या हिशेबात हा हात कसा बसतो, तेही पाहून घ्या. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्यात हात इंचांनी मोजला होता. कोपराच्या टोकाखाली साडेचार इंचांच्या पुढे गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली, त्याच्या वर गेला तर ७०, त्याहून वर ८०, खांद्यातून गेला तर ९०. अपघातात शेतकऱ्याचा एक हात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून १ लाख रुपये. मी या रकमांना नावे ठेवीत नाही. त्या नसत्या तर काय झाले असते? पण दोन्ही हिशेबांत हात म्हणजे एकदा चुकती करायची रक्कम आहे. पुढच्या वर्षी कवची बदलावी लागेल, बॅटरी मरेल, मुलगा वाढेल आणि त्याचा हात आखूड पडेल, याला रकाना नाही.

आणि वेळेचे काय? हात गेल्यापासून महिन्याभरात कृत्रिम हात बसविला, तर तो अंगवळणी पडण्याचा संभव पुष्कळ वाढतो, असे डॉक्टरांनी १९८४ सालीच नोंदवून ठेवले आहे. आमच्याकडे महिन्याभरात जखम भरते, मग दाखला, मग अर्ज, मग शिबिराची वाट. दोन-तीन वर्षे जातात. तोवर तो माणूस दातांनी, गुडघ्यांनी, काखेने सारी कामे करायला शिकलेला असतो. मग आलेला हात त्याला अडचणच वाटणार. तो खुंटीवर ठेवतो ते आळसाने नव्हे, व्यवहाराने.

'पुण्याला सोय आहे ना?' आहे. लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून तेथे आहे, आणि त्याचे काम मोठे आहे. सातारा तर फौजेचा जिल्हा. अपशिंग्यासारख्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. पण सांगलीहून पुणे दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि जतहून सांगलीच लांब. रोजगार बुडवून, सोबतीला एक माणूस घेऊन, एक टिकली हलवून घ्यायला कोण किती वेळा जाईल?

म्हणून मागणी साधी आहे. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीला १९४७ पासून वालचंद, कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. दरवर्षी या जिल्ह्यांतली मुले प्रकल्प म्हणून छापील प्लॅस्टिकचे रोबो-हात करतात, प्रदर्शनात मांडतात, बक्षीस घेतात आणि अडगळीत टाकतात. त्यांना सांगा, बोटे पुरेत. घामातही न ढळणारी टिकली करा. मूठ किती आवळली ते कातडीला कळविणारा एक स्वस्त कंपक करा. मिरज आणि सातारा येथे सरकारी इस्पितळात एकेक खोली द्या, तीत कवची ओतणारा एक कारागीर आणि सराव घेणारी एक बाई कायमच्या नेमा, आणि जखम भरण्याच्या आत रोग्याला तेथे पाठवा. एका परदेशी हाताला जेवढे लाख जातात, तेवढ्यात त्या दोघांचा पगार बराच काळ निघेल.

आणि शिबिरे भरवायचीच असतील तर जरूर भरवा, पण मंडपात पाहुण्यांची खुर्ची थोडी मागे सरकवा. पुढे एक परात, पीठ, पाण्याचा तांब्या, शेणाने माखलेला कासरा आणि एक डबा मांडा. ज्याला हात दिला त्याला हस्तांदोलन नका करायला लावू. डबा उघडायला लावा. मग सहा महिन्यांनी, भर वैशाखात, त्याच मंडपात तीच माणसे पुन्हा बोलवा. ज्यांचे हात अंगावर नसतील, त्यांना 'का काढला?' म्हणून विचारा, त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि तो कागद पुढचा हात बनविणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवा.